आबांना धक्का बसू नये म्हणून

हे मला एकदाचं लिहूनच टाकायचंय, कारण तोंडाने सांगायला गेलं की माझा आवाज चढतो, आई म्हणते हळू बोल, आणि मग सगळं अर्धवटच राहतं.

आबा म्हणजे माझे आजोबा, पप्पांचे वडील. गाव पारोळ्याजवळचं, धुळ्याच्या रस्त्याला. आजी गेल्यावर दीडेक वर्ष ते गावी एकटेच राहिले, हाताने भाकरी थापून खायचे. मग एकदा मोरीत पाय घसरून पडले. हाड-बिड काही मोडलं नाही, पण पप्पा जाऊन त्यांना घेऊनच आले. जळगावला पिंप्राळ्यात आमचं दोन खोल्यांचं घर, पुढे थोडंसं अंगण आणि अंगणात शेवगा. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं ती. मी अकरावीला होते.

आल्या आल्या पप्पांनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. बीपी निघालं. हार्टसुद्धा थोडं मोठं आहे म्हणाले. डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या आणि तीन गोष्टी बंद केल्या: मीठ, प्रवास आणि धक्का. शेवटचं मी माझ्या मनाने सांगत नाहीये, ते खरंच तसं म्हणाले. वय झालंय, मनाला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. पप्पा इरिगेशनच्या ऑफिसात होते, साहेबाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही ही सवय. डॉक्टर म्हणजे त्यांना साहेबाचा साहेब. त्यांनी ते पुरं मनावर घेतलं.

आता मला सांगा, सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या आयुष्यात मीठ नाही, गावाला जाणं नाही, आणि बातमी म्हणाल तर फक्त चांगली. मग उरतं काय? टीव्ही. आम्ही त्यांना टीव्हीसमोर बसवायचो. दहा मिनिटांनी उठायचे.

"आबा, बसा ना, आता चांगलं लागेल," आई म्हणायची.

"ह्या बोलतस भलतं," आबा म्हणायचे, "पन आपलं ऐकत नही."

कॉलनीच्या बागेत संध्याकाळी रिटायर झालेली माणसं बसायची. मी आबांना तिकडे नेऊन सोडलं. चार दिवस गेले, पाचव्या दिवशी नाही म्हणाले. का, तर सगळे ऑफिसच्या गोष्टी करतात आणि आबांनी तोंड उघडलं की एक जण गालातल्या गालात हसतो. आबा अहिराणी बोलायचे. पप्पासुद्धा लहानपणी तीच बोलायचे, पण आता आबांशी शुद्ध बोलायचे, म्हणजे आबांनीही तसंच बोलावं म्हणून. आबा मग पप्पांशी बोलायचेच कमी.

त्यांचं खरं माणूस एकच होतं. गावातले नाना. नात्यातले नव्हते. आबांकडे एक बैल आणि नानांकडे एक, असं दोघांनी तरुणपणी सुरू केलं. दोन मिळून जोडी व्हायची. आधी एकाचं शेत, मग दुसऱ्याचं. पुढे दोघांना स्वतःची जोडी घेणं जमलं असतं, पण घेतली नाही. आबा पिंप्राळ्याला आल्यावर नाना महिन्यातून एकदा सकाळच्या एसटीने यायचे, पिशवीत बाजरीचं पीठ नाहीतर वांगी घेऊन. दुपारच्या एसटीने परत. मधले चार-पाच तास दोघं शेवग्याखाली बसायचे. मी मुद्दाम कान देऊन ऐकलंय, तासाला चार वाक्यं व्हायची. "काशी कशी शे?" काशी म्हणजे नानांची म्हैस. यावर विचार करून अर्ध्या तासाने उत्तर. आणि तरी त्या दिवशी आबा दोन भाकरी खायचे, बिनमिठाच्या भाजीबरोबर, तक्रार न करता. आईच्या लक्षात आलेलं ते. पप्पांच्या नाही, पप्पा ऑफिसला असायचे.

आणखी एक. आबांना वाचता यायचं नाही. रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी मी त्यांना पेपर वाचून दाखवायचे. त्यांना हवं असायचं निधनाचं पान. आमच्याकडे खानदेशात कोणी गेलं की त्या घरी भेटायला जातात, त्याला दारावर जाणं म्हणतात. नुसतं बसायचं, चहासुद्धा घ्यायचा नाही आणि उठून यायचं. पण गेलंच पाहिजे. लग्नाला नाही गेलात तर माणूस रुसतो, पुन्हा बोलतोही. दारावर नाही गेलात तर संपलं. त्यामुळे आबा ते पान नीट ऐकायचे, गाव कोणतं, कोणाचे सासरे, आणि ओळखीचं निघालं की टोपी शोधायला लागायचे. खरं सांगू का, त्यांना ते आवडायचं. दारावर त्यांच्या वयाची माणसं भेटायची, त्यांच्या भाषेत बोलणारी. दुसरीकडे कुठे भेटणार होती?

पप्पांनी ते बंद केलं. "तिला म्हणावं निधनाच्या बातम्या वाचू नको," हे मी समोर उभी असताना आईला सांगितलं. मी वाचणं बंद केलं. पावसाच्या बातम्या, कापसाचे भाव, कुठे कुणाचा सत्कार. पंधराएक दिवसांनी आबा म्हणाले, "काय वं, जळगावमा आते कोनी मरतच नही का?"

मी हसले. हसण्यावारी नेलं. आज त्या हसण्याचा राग येतो.

मग दिवाळीनंतर नाना आलेच नाहीत. एक महिना, दोन महिने. आबा म्हणाले कापूस वेचणी चालू असेल. आणि एका दुपारी पोस्टमनने कार्ड दिलं, माझ्या हातात. आबा आत झोपलेले. नानांच्या सुनेनं लिहिलेलं होतं: नानांना बरं नाही, जेवण सुटलं आहे, सारखी आबांची आठवण काढतात, जमेल तर आबांना घेऊन यावे.

मी काय केलं असेल? आत जाऊन आबांना उठवायला पाहिजे होतं ना? दीड-दोन तासांचा तर रस्ता. मी ते कार्ड वहीत ठेवलं आणि संध्याकाळी पप्पांना दिलं. चांगली मुलगी.

पप्पांनी दोनदा वाचलं. "रविवारी बघू," म्हणाले. शनिवारी डॉक्टरांना विचारून आले. डॉक्टर म्हणाले, एवढा प्रवास नको आणि तसल्या माणसाला बघणं तर अजिबात नको. पप्पांनी कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं.

"आपण त्यांना सांगू तरी," मी म्हटलं.

"आणि काही झालं तर तू बघशील का?"

"पण नानांना काही झालं तर?"

"नानांना त्यांची मुलं आहेत."

आई पोळ्या लाटत होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने पोळीकडे बघितलं. त्या घरात सगळ्यांचं आबांवर प्रेम होतं, हेच तर सगळ्यात वैताग आणणारं आहे. कोणी दुष्ट असतं तर भांडता तरी आलं असतं.

पुढच्या आठवड्यात नानांच्या घरून दुसरं कार्ड आलं, कोपरा फाडलेलं, म्हणजे माणूस गेल्याचं. ते घरात घेत नाहीत. मी फाटकाशीच वाचलं, फाटकाशीच त्याचे तुकडे केले आणि गटारीत टाकले. आबा शेवग्याखाली बसून मला विचारत होते, "कोन व्हतं?" मी म्हटलं, "लाइट बिलवाला." इतकं पटकन आलं ते तोंडातून.

पप्पा दुसऱ्या दिवशी एकटेच दारावर जाऊन आले. आबांना सांगितलं, ऑफिसच्या कामाने एरंडोलला जातोय. संध्याकाळी आले ते थेट मागच्या दाराने मोरीत, कपड्यांसकट अंगावर पाणी. दारावरून आलं की आंघोळ केल्याशिवाय कशाला हात लावत नाहीत. आबांनी खाटेवरूनच विचारलं, "सकाळे आंघोळ करेल व्हती ना तू?"

"ऊन फार होतं, आबा," पप्पा म्हणाले.

थंडीचे दिवस, मी स्वेटर घालून बसलेली. आबांनी घोंगडी अंगावर ओढून घेतली. त्यांना तेव्हाच वास आला असेल की काय, मला अजून कळत नाही.

त्यानंतर तीनेक आठवडे गेले असतील. कॉलेजला सुट्टी होती, पप्पा ऑफिसला. दुपारी फाटक वाजलं. बघते तर पाच म्हातारे, पांढरी टोपी, धोतर, प्रत्येकाच्या हातात पिशवी आणि पिशवीतून बिस्किटाचे पुडे डोकावतायत. सगळे गावचे, मी त्यांना चेहऱ्याने ओळखत होते. पाचही जण फाटकात थांबलेले, तोंडं एवढीशी करून. मला कळेना. आजाऱ्याला भेटायला जाताना माणूस जसा चपला न वाजवता येतो, तसे ते आले होते.

आणि आबा? आबा स्टुलावर चढून काठीला बांधलेल्या विळ्याने शेवग्याच्या शेंगा काढत होते.

सगळ्यात पुढचे म्हातारे थोडा वेळ वर बघतच राहिले. मग मागे वळून बाकीच्यांना म्हणाले, "हाऊ तं झाडवर चढी राह्यना रे."

"आमी तुले शेवटलं देखाले वनूत," दुसरे म्हणाले, "नी तू शेंगा तोडी राह्यना. आमना भाड्याना तरी इचार करता."

आबा इतके हसले. किती महिन्यांनी हसले असतील. स्टुलावरून उतरले, एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाले, "कोनी सांगं तुमले, मी मरी राह्यनू म्हनीसन?"

"तुना पोऱ्यानी. दारवर उना व्हता ना तो, तैन्हा सांगं, आबा खाटवर शेत, उठाता येत नही."

"कोना दारवर?" आबांनी विचारलं.

पाचही जण आपापल्या पिशवीकडे बघायला लागले. आबांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. एक, दोन, तीन, चार, पाच. मोजले असणार. नाना असते तर सहा आले असते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दारात उभी होते आणि मला आत पळताही आलं नाही.

"पानी आन वं सगळासले," ते म्हणाले.

मी आत गेले. तांब्या भरताना पाणी सांडलं. आई कुजबुजत विचारत होती, कळलं का, कळलं का. मला वाटत होतं आता आबा पडतील, डॉक्टर म्हणाले तसं होईल. ग्लास घेऊन बाहेर आले तर आबा त्याच स्टुलावर बसलेले, पाठ वाकवून. असे वाकून ते कधी बसायचे नाहीत. आणि सांगत होते, "हां, खरं शे. पंधरा दिन खाटवरच व्हतू. पोऱ्या काय खोटं सांगी का? आते कुठे उठाले लागनू. डॉक्टर म्हने थोडं चालत जा, म्हनीसन शेंगा तोडी राह्यनतू."

दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटांत त्यांना कळलं की नाना गेले, त्यांना कोणी सांगितलं नाही, मुलाने दारावर बसून खोटं सांगितलं. आणि तेवढ्यातच त्यांनी ठरवलंसुद्धा की ते खोटं आपण खरं करायचं, गावात मुलाची लाज जाऊ नये म्हणून. मला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं. ग्लास धरून उभी राहिले.

मग ते उठले, आत गेले, टोपी घातली. "मी येस तुमना संगे," म्हणाले. आई मध्ये आली, म्हणाली, आबा, यांना ऑफिसातून येऊ द्या, डॉक्टरांनी सांगितलंय. आबा चपला घालत राहिले. आईने मला खुणावलं, तू जा बरोबर. मी तशीच निघाले, घरातल्या ड्रेसवर.

एसटीत त्यांच्या शेजारी बसले. दोनदा म्हटलं, आबा, मला. ते खिडकीबाहेर बघत होते. एरंडोल गेलं, पारोळा आलं. म्हातारे मागच्या सीटवर हळूहळू बोलत होते. उतरल्यावर मात्र एकाच्या खांद्यावर हात टाकला आणि पाय ओढत चालायला लागले. रोज सकाळी माझ्या आधी उठून अंगण झाडणारा माणूस. मागून चालताना मला ते चालणं बघवेना.

नानांच्या घरी ओट्यावर नानांच्या बायको बसलेल्या, सगळे त्यांना अक्का म्हणायचे, आणि त्या आबांना भाऊ. आबांना बघून त्यांनी पदर तोंडाला लावला आणि रडायला लागल्या. आबा ओट्याच्या कडेला बसले. बाकीचे खाली.

मग अक्का म्हणाल्या, "त्यासनी खाट दरवाजामा टाकाले लायेल व्हती. धुळा-जळगावनी बस उनी का इचारेत, भाऊ उतरनात का? रोज. मी म्हनू, येतीन. सुनबाईनी कार्ड धाडं तरी नही वनात, तैन्हा माले वाटनं, शहरमा जाईसन भाऊ इसरी गयात." डोळे पुसले त्यांनी. "मंग तुमना पोऱ्या सांगे तुमलेच बरं नही. तैन्हा मनं मन जागावर उनं. म्हनं, दोन्हीसनं संगेच दुखनं निघनं, बैलनी जोडीसारखं."

आबांनी मान हलवली. "लई जीववर उनं व्हतं, अक्का," म्हणाले. "शुद्धच नव्हती."

मला सहन होईना. कार्ड आलं होतं, ते माझ्या वहीत होतं, आबा तेव्हा आत घोरत होते, एक हाक मारली असती तर संध्याकाळी ते इथे असते. मी पुढे झाले, "अक्का, आबांना," एवढंच म्हटलं आणि आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मायेने ठेवतात तसाच, पण दाबून.

"हाई मनी नात," ते अक्कांना म्हणाले. "इन्हीच बठ्ठं करं मनं. मनी सेवा इन्ही करी."

अक्कांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मी ओट्यावर बसून रडले ते सगळ्यांना वाटलं नानांसाठी.

परत आलो तेव्हा पप्पा जळगावच्या स्टँडवर स्कूटर लावून उभे होते. आईने ऑफिसला फोन करवला असणार. चेहरा उतरलेला. "आबा, वाटेत काही झालं असतं म्हणजे?" एवढंच पहिल्यांदा. मग जरा थांबून, नजर चुकवत, "काय म्हणाले तिकडे?"

"काय म्हनतीन," आबा म्हणाले. "पोऱ्यानी बापले जपं म्हनतस."

पप्पांनी सुटकेचा श्वास सोडला, मी ऐकला तो. आणि मला वाटलं आता तरी ते काही बोलतील, माफी नको, निदान नानांचं नाव तरी घेतील. त्यांनी स्कूटरला किक मारली. दुसऱ्या दिवशी आबांना डॉक्टरकडे घेऊन गेले, बीपी अगदी व्यवस्थित निघालं. डॉक्टर म्हणाले, बघा, काळजी घेतल्याचा परिणाम. पप्पांनी घरी येऊन हे आईला सांगितलं, अभिमानाने. मी ताट सरकवून उठले तर म्हणे हिला काय झालं.

आबा पप्पांशी पहिल्यासारखे वागले. म्हणजे थोडंसं बोलायचे, गोळ्या घ्यायचे. आईशीही. बोलणं बंद केलं ते फक्त माझ्याशी. सकाळी मी पेपर घेऊन बसले की म्हणायचे, राहू दे. मग फाटकाशी उभे राहून शेजारच्या रिटायर मास्तरांकडून वाचून घ्यायचे, तेच मास्तर जे बागेत त्यांच्या बोलण्याला हसायचे. आठ दिवस, दहा दिवस. मी त्यांच्यासाठी आईची नजर चुकवून ठेचा ठेवला ताटात, तो तसाच राहिला.

शेवटी एका सकाळी माझं डोकं फिरलं. कॉलेजची बॅग खांद्याला, मी त्यांच्या खाटेसमोर जाऊन उभी राहिले.

"रागवायचं तर पप्पांवर रागवा ना. त्यांनी ठरवलं सगळं. त्यांना तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, उलट गावभर त्यांचं नाव चांगलं करून आलात. माझ्यावर का?"

आबा तंबाखू मळत होते. मळून झाली, तोंडात टाकली.

"तो लहानपनपासून भितरा शे," म्हणाले. "त्याले बोलीसन काय व्हई?"

"आणि मी?"

"तू नव्हती," आबा म्हणाले. मग खाटेवरून पाय खाली सोडून चपला शोधायला लागले आणि मला म्हणाले, "जाय, तुनी बस निंघी जाई."